काडतुसाची चरबी, १८५७: निषिद्ध अन्नाच्या अफवेचा प्रकरण अभ्यास

ज्या काडतुसावरून १८५७ चा उठाव पेटला, ते चरबी लावलेलं काडतूस बहुतेक शिपायांच्या हातात कधी पडलंच नाही. बहरमपूरला जी काडतुसं नाकारली गेली ती जुन्या बंदुकीची होती. मेरठला ज्यावरून पंच्याऐंशी स्वारांना बेड्या पडल्या, ती काडतुसंही जुन्याच पद्धतीची. तरीही "गाय आणि डुकराची चरबी" हे चार शब्द कलकत्त्यापासून अंबाल्यापर्यंत तीन महिन्यांत पोचले. काडतुसात नेमकं काय होतं, कंपनी सरकारने कोणते उपाय केले, ते एकामागून एक का उलटले, आणि लढाई सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंनी याच निषेधाचा कसा वापर केला, ते इथे पाहू.

वस्तू आणि कवायत

जुनी 'ब्राउन बेस' जातीची बंदूक आतून गुळगुळीत, पाऊण इंच व्यासाची. तिची गोळी नळीत सैल बसायची. ती वरून टाकली की जवळजवळ स्वतःच खाली जायची, त्यामुळे वंगणाची गरज नव्हती. पण नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची, ३९ इंच लांब नळीची आणि आत तीन पिळदार खाचा असलेली. तिच्यावरची निशाणी ९०० यार्डांपर्यंत आखलेली होती. गोळी सुमारे ३४ ग्रॅमची, नळीपेक्षा केसभरच लहान. काळ्या दारूची राख दहा-वीस बारांनंतर नळीत थर धरते, मग अशी घट्ट गोळी गजाने ठोकूनही उतरत नाही. म्हणून गोळीवरच्या कागदाला बाहेरून वंगण लावलेलं असे. इंग्लंडमध्ये हे वंगण म्हणजे प्राण्यांची वितळवलेली चरबी आणि मेण.

काडतूस ही कागदाची सुरळी. एका टोकाला गोळी, दुसऱ्या टोकाला सुमारे साडेचार ग्रॅम दारू आणि वर पीळ. डाव्या हातात उभी बंदूक, उजव्या हातात काडतूस, म्हणून पीळ दातांनी तोडायचा. दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचं टोक नळीत घालायचं, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचं.

इथे एक बारकावा बहुतेक वर्णनांतून निसटतो. दात लागतात ते दारूच्या टोकाला, आणि वंगण असतं ते गोळीच्या टोकाला. कागदावर पाहिलं तर चरबी तोंडात जायचं कारण नाही. पण काडतुसं दहा-दहाच्या पुडक्यात बांधलेली. उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हात चरबी पाघळून कागदात झिरपायची, आणि बोटांचा तेलकटपणा पिळापर्यंत पोचायचाच. शिवाय ज्या माणसाचं अन्न परक्याच्या स्पर्शानेही विटाळतं, त्याला चरबी कुठल्या टोकाला आहे हे समजावून उपयोग नव्हता.

चरबी नक्की कुणाची? गाईबैलांची चरबी असणं जवळजवळ नक्की. डुकराच्या चरबीचा पुरावा कमकुवत आहे, कारण ती मऊ असते आणि लवकर वितळते, म्हणजे या कामाला तशीही गैरसोयीची. पण अफवेला दोन्ही प्राणी हवे होते. नुसती गाय म्हटली असती तर मुसलमान शिपाई बाजूला राहिला असता, नुसतं डुक्कर म्हटलं असतं तर ब्राह्मण-रजपुतांचा संताप अर्धाच राहिला असता. दोन्ही एका वाक्यात आले आणि एकाच पलटणीतले दोन्ही धर्मांचे लोक एका तक्रारीवर उभे राहिले. प्रचाराच्या दृष्टीने एवढं काटेकोर वाक्य कुणी बसून रचलं असतं तरी जमलं नसतं.

चार वर्षं आधीचा इशारा

१८५३ मध्ये इंग्लंडहून चरबी लावलेल्या काडतुसांचा साठा हवामानाच्या चाचणीसाठी आला. वंगण इथल्या उष्णतेत टिकतं का, एवढंच पाहायचं होतं. अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी त्याच डिसेंबरमध्ये लेखी कळवलं: वंगण देशी शिपायांच्या धर्माला बाधक नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं त्यांच्या पलटणींना देऊ नयेत, फक्त गोऱ्यांना द्यावीत. पत्र लष्करी मंडळाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. चाचणीत शिपायांनी ती काडतुसं कमरेच्या पेटीत महिनोन्‌महिने वाहिली. कुणी हरकत घेतली नाही, कारण ती तोडायची नव्हती, नुसती बाळगायची होती. समित्यांनी १८५५ मध्ये अनुकूल अहवाल दिला. 'हरकत नाही' असा शेरा कागदावर आला खरा, पण प्रश्नच वेगळा विचारलेला होता.

पुढे कलकत्त्यात काडतुसं बनू लागली तेव्हा चरबी कंत्राटदाराकडून घेतली गेली. जानेवारी १८५७ मध्ये चौकशी झाली तेव्हा शस्त्रागार खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने, कर्नल अ‍ॅबटने, उत्तर दिलं की आक्षेपार्ह चरबी वगळली जावी म्हणून कुठलीही खास खबरदारी घेतलेली दिसत नाही. खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगने फेब्रुवारीत लंडनला लिहिताना तक्रार साधार निघाल्याचं मान्य केलं. म्हणजे अफवेच्या गाभ्यात खरा खडा होता. धर्म बुडवण्याचा कट खोटा, पण चरबी खरी. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्यामुळे सरकारला धड नाकारता येईना, धड कबूल करता येईना.

डमडम: पहिले काही दिवस

नव्या रायफलीचं शिक्षण तीन ठिकाणी सुरू होतं: डमडम, अंबाला, सियालकोट. जानेवारीत डमडमला दारूगोळ्याच्या कोठारातल्या खालच्या मानलेल्या जातीच्या एका मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने अर्थातच नाकारलं. त्यावर मजूर म्हणाला, आज जातीचा एवढा ताठा, उद्या गाय-डुकराची चरबी दाताने तोडाल तेव्हा कुठे राहील तो? हा टोमणा कॅप्टन राइटच्या कानावर गेला आणि २२ जानेवारीला त्याने वर कळवलं. मेजर बाँटीनने शिपायांना रांगेत उभं करून विचारलं. त्यांनी शांतपणे उपाय सुचवला: मेण आणि तेल वापरा. बराकपूरच्या जनरल हर्सीने २४ तारखेला सरकारकडे तशी शिफारस केली, आणि २७ ला हुकूम निघाला की काडतुसं कोरडी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचं वंगण आणून स्वतः लावावं.

पाच दिवसांत निर्णय, तोही शिपायांच्याच सूचनेनुसार. कुठल्याही सरकारी दप्तराच्या मानाने हा वेग वाखाणण्यासारखा आहे. पण तोवर बराकपूरचं तारघर जळलं होतं आणि अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या छपरांवर पेटते बाण पडू लागले होते.

उपाय उलटले कसे

पहिला पेच खुद्द लष्करातून आला. मेरठहून अ‍ॅड्जुटंट जनरलने तार केली की काही ठिकाणी देशी शिपाई मेंढीची चरबी आणि मेण लावलेली काडतुसं वापरत आहेत, आणि त्यांची ओरड नाही. आता 'वंगण स्वतः लावा' म्हटलं तर आजवर वापरलेल्यावरही संशय येईल. मुद्दा अचूक होता. सरकारने उत्तर दिलं: मेंढीची चरबी आणि मेण असेल तर चालू ठेवा. परिणामी एका छावणीत एक नियम, दुसरीकडे दुसरा, आणि दोन छावण्यांमधून रजेवर जाणारे-येणारे शिपाई दोन्ही ठिकाणच्या गोष्टी सांगणारे.

मग संशय चरबीवरून कागदावर सरकला. ६ फेब्रुवारीला बराकपूरच्या चौकशीत शिपाई म्हणाले, वंगणाचं ठीक आहे, पण हा कागद चकाकतो. तो फाडला तर कापडासारखा वाटतो, जाळला तर चरचरतो. चकाकी खळीची होती. नवा कागद जुन्यापेक्षा पातळ आणि चिवट होता, कारण एनफिल्डच्या घट्ट नळीत जाड कागद मावत नव्हता. सरकारने कागदाची रासायनिक तपासणी करून घेतली, त्यात चरबी सापडली नाही. हर्सीला शिपायांची भाषा उत्तम येई. १७ मार्चला त्याने परेडवर जम्मूच्या महाराजा गुलाबसिंहाचं पत्र काढून दाखवलं: हा कागद पाहा, याहून चकचकीत आहे, महाराज काय गाईची चरबी लावतात? युक्तिवाद चांगला होता. पण काडतुसावर प्रश्न नसलेल्या पलटणींनाही त्याच परेडवर पहिल्यांदा कळलं की कागदाबद्दल काही शंका आहे.

तिसरा उपाय कवायतीतला. मार्चच्या सुरुवातीला बाँटीनच्या सूचनेवरून दाताने तोडण्याऐवजी डाव्या हाताच्या बोटांनी फाडण्याची रीत मंजूर झाली. तोंडाचा संबंधच संपला, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या प्रकरण इथे मिटायला हवं होतं. शिपायांची हरकत अशी की वर्षानुवर्षं दाताने तोडायची सवय आहे, गडबडीत हात आपसूक तोंडाकडे जाईल. आणि त्यामागचा न बोललेला प्रश्न असा: काही दोष नव्हता तर रीत बदलली कशाला?

बहरमपूरला हे सगळं एका रात्रीत दिसलं. बराकपूरच्या ३४व्या पलटणीच्या तुकड्या फेब्रुवारीत तिथे आल्या आणि बातमी घेऊन आल्या. २६ फेब्रुवारीला १९व्या पलटणीने दुसऱ्या दिवशीच्या सरावासाठी टोप्या घ्यायला नकार दिला. टोपी म्हणजे बार उडवणारी तांब्याची इवलीशी वाटी, तिच्यात चरबीचा लवलेश नाही. पण टोपी घेतली की काडतूस घ्यावं लागणार. साठ्यात दोन वेगळ्या छटांच्या कागदाची काडतुसं निघाली, त्याने संशय पक्का झाला. दोन्ही जुनी, दोन्ही कोरडी. कर्नल मिचेलने समजूत घालण्याऐवजी ब्रह्मदेश किंवा चीनला पाठवण्याची धमकी दिली आणि रात्री मशालींच्या उजेडात तोफा आणि घोडदळ समोर आणलं. समुद्र ओलांडणं हाही धर्म बुडण्याचाच प्रकार, त्यामुळे एका भीतीवर दुसरी चढली. ३१ मार्चला ही पलटण बराकपूरला मोडण्यात आली. त्याच्या दोन दिवस आधी तिथेच ३४व्या पलटणीच्या मंगल पांडेने हत्यार उपसलं होतं.

अंबाला: "आम्ही मानू, पण गाव मानेल का?"

या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं ठिकाण अंबाला. सरसेनापती अ‍ॅन्सन २३ मार्चला तिथे आला. काडतुसं पाहून त्याने कॅनिंगला लिहिलं की शिपायांच्या हरकतीचं आता फारसं आश्चर्य वाटत नाही, इतकं वंगण त्यावर असेल आणि ते हुबेहूब चरबीसारखं दिसत असेल याची कल्पना नव्हती. परेडवर त्याने धर्मात ढवळाढवळ नाही असं सांगितलं. त्यावर देशी अंमलदारांनी रायफल शिक्षणप्रमुख कॅप्टन मार्टिनो याच्यामार्फत जे उत्तर दिलं, ते सरकारी खुलाशापेक्षा कितीतरी शहाणं होतं. आशय असा: साहेबांवर आमचा विश्वास आहे, पण अफवा न मानणारा एक असेल तर मानणारे दहा हजार आहेत. हुकूम झाला तर आम्ही काडतूस वापरू, पण आमच्याच पलटणीतले भाऊबंद आमच्याबरोबर जेवणार नाहीत, आणि घरी गेलो तर नातलग वाळीत टाकतील.

म्हणजे प्रश्न चरबी खरी की खोटी हा उरलाच नव्हता. बंगाल फौजेत अवधचे ब्राह्मण आणि रजपूत भरलेले. प्रत्येकाची वेगळी चूल, वेगळा चौका. बाटलेल्या माणसाचा रोटी-बेटी व्यवहार तुटतो, मुलींची लग्नं अडतात, प्रायश्चित्ताचा खर्च कुटुंबावर पडतो. हे दंड प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ठरत नाहीत, लोक काय म्हणतात यावर ठरतात. रायफलीच्या शिक्षणाच्या डेपोतून पलटणीत परतलेल्या शिपायांना त्यांचेच सोबती 'ख्रिस्ती झाला' म्हणून हिणवत होते. अ‍ॅन्सनला सराव पुढे ढकलायचा होता. कॅनिंगने नकार दिला, कारण माघार घेतली तर संशय खरा ठरेल. एप्रिलच्या मध्यात सराव सुरू झाला आणि अंबाल्यात रात्री-अपरात्री आगी लागू लागल्या.

मुंबई आणि मद्रासच्या फौजांकडे पाहिलं की ही बाजू आणखी उघड होते. रायफल तीच, अफवाही पोचली. पण तिथल्या पलटणींत अनेक जातींचे लोक मिसळलेले, आणि नोकरीत जातीच्या सोवळ्याला बंगालसारखं स्थान दिलेलं नव्हतं. कोल्हापूरच्या २७व्या पलटणीचा ३१ जुलैचा उठाव सोडला तर तिकडे काडतुसावरून फार काही पेटलं नाही.

पिठातला भुगा

मार्चमध्ये कानपूरला मेरठकडून कालव्याने पिठाच्या होड्या आल्या. भाव बाजारापेक्षा कमी, म्हणून पहिला माल हातोहात खपला. मग कंडी पिकली की कालव्यावरच्या सरकारी देखरेखीतल्या चक्क्यांवर गाय-डुकराच्या हाडांचा भुगा यात दळला आहे. पुढचा माल कुणी शिवेना. मळलेली कणीक आणि भाजलेल्या पोळ्या लोकांनी फेकून दिल्या. काडतुसाची अफवा फौजेपुरती होती, पिठाने ती शेठ, बायका, हमाल अशा सगळ्यांच्या घरात नेली. स्वस्त भाव हाच इथे पुरावा झाला: सरकार तोटा सोसून देतंय म्हणजे मतलब असणारच.

मेरठ

२४ एप्रिलला ३ऱ्या घोडदळाचा कर्नल कार्मायकल-स्मिथ याने नवी, न चावण्याची रीत दाखवण्यासाठी नव्वद निवडक स्वार बोलावले. हेतू सवलत दाखवण्याचा होता. काडतुसं नेहमीचीच. पंच्याऐंशी जणांनी हात लावला नाही. पंधरा देशी अंमलदारांच्या न्यायमंडळाने एक मत सोडता सगळ्यांनी दोषी ठरवलं, शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी. ९ मे रोजी सगळ्या छावणीसमोर बेड्या ठोकल्या गेल्या, १० मे रोजी मेरठ उठलं.

उठावानंतर: दोन्ही बाजूंचा प्रचार

दिल्लीहून निघालेल्या जाहीरनाम्यांत चरबी, काडतूस आणि पीठ पुन्हा पुन्हा येतात. पण दिल्लीच्या नेत्यांपुढे लगेच उलटा प्रश्न उभा राहिला. १ ऑगस्टला बकरी ईद होती. शहरात हिंदू शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि एका गाईच्या कुर्बानीने एकी मोडली असती. बादशहा बहादुरशहाने गोवध बंद केला, उठावाचा सेनापती बख्तखान याने दवंडी पिटवली की गाय मारणाऱ्याला देहांत. कोतवालाला मुसलमानांच्या घरच्या गाईंची नोंद करायला सांगितलं. सगळ्या गाई कोतवालीत आणून बांधायचाही विचार झाला, पण तेवढी जागा नव्हती, म्हणून मालकांकडून हमीपत्रं घेतली. शहराबाहेर टेकडीवरचे इंग्रज अधिकारी ईदच्या दिवशी आत दंगल होईल या आशेवर होते, आणि त्यांच्या पत्रांतून निराशा स्पष्ट दिसते. दंगल झाली नाहीच, उलट त्या रात्री टेकडीवर जोरदार हल्ला झाला.

बरेलीत उठावाचा नेता खान बहादुरखान याने हिंदूंना जाहीर देऊ केलं: इंग्रजांविरुद्ध साथ द्या, गोहत्या थांबवतो. त्याच बरेलीत हिंदूंना त्याच्याविरुद्ध उठवण्यासाठी इंग्रजांनी ५०,००० रुपये मंजूर केले. तो डाव फसला.

काडतूस प्रकरणात कंपनीचा हेतू धर्म बुडवण्याचा नव्हता, हे मान्य करायला हवं. उठावानंतर मात्र तो हेतू उघडपणे आला. कानपूरच्या बीबीघरात बंडवाल्यांच्या कैदेतल्या इंग्रज स्त्रिया-मुलांची कत्तल झाली होती. २५ जुलैला ब्रिगेडियर नीलने हुकूम काढला की फाशीआधी कैद्यांनी तिथलं रक्त साफ करावं, आणि काम त्यांच्या भावनांना जास्तीत जास्त किळसवाणं होईल असं करावं. पहिला आला तो ६व्या पलटणीचा ब्राह्मण सुभेदार, त्याला भंग्याचा झाडू देण्यात आला. दुसऱ्या एकाला रक्त चाटायला लावलं. मुसलमानांना डुकराच्या कातड्यात शिवणं आणि डुकराची चरबी फासणं असे प्रकार 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने आपल्या रोजनिशीत निषेधाने नोंदवले. मेरठच्या स्वारांना ज्याची भीती घातली गेली होती, ते आता शिक्षेच्या नावाने खरोखर घडत होतं, आणि त्याची बातमी नव्या अफवेशिवायच पसरत होती.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचं वचन आलं. हत्यारांबाबत मात्र सरकारने वेगळाच मार्ग धरला. देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची एनफिल्ड काढली: बाहेरून तीच बंदूक, आत खाचा नाहीत, नळी ०.६५६ इंचांपर्यंत रुंद. लांब पल्ला गोऱ्यांकडे राहिला, आणि शिपायाच्या हाती पुन्हा सैल गोळीची बंदूक आली.